‘निकाल लागला’ म्हणजे नेमके काय?

(वर्धा येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



गावात एखाद्या बाईच्या केसची चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, ‘निकाल लागला’. फौजदारी केस असेल तर ‘तो सुटला’. वकील मात्र जजमेंट, ऑर्डर, डिक्री, अवॉर्ड असे वेगवेगळे शब्द वापरतात. आपण प्रत्येक वेळी ‘निकाल’ एवढेच ऐकतो. हातात कागद कोणता आला, यावर पुढे काय करायचे आणि किती दिवसांत करायचे हे ठरते. म्हणून आज फक्त या शब्दांबद्दल बोलायचे आहे.

आधी पोटगी घेऊ. हिंगणघाट तालुक्यातील एका परित्यक्ता बाईला दरमहा १,५०० रुपये पोटगी मंजूर झाली. घरच्यांनी सांगितले, केस जिंकली. तिने कागद पेटीत ठेवला. नवऱ्याने एक पैसा दिला नाही. तीन वर्षांनी ती आमच्याकडे आली तेव्हा थकबाकी ५४,००० झाली होती. पण तो कागद म्हणजे पोटगीचा आदेश, ऑर्डर. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये अट होती की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. त्यामुळे १८,००० रुपयांसाठीच वॉरंट मागता आले. बाकीचे ३६,००० त्या वाटेने गेले ते गेलेच. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे. एक वर्षाची अट तशीच आहे.

आता डिक्री पाहा. मराठीत हुकूमनामा. दिवाणी दाव्यात कोणाचा काय हक्क ठरला, हे त्यात असते. पैशाच्या किंवा जमिनीच्या डिक्रीची अंमलबजावणी मागायला साधारणपणे बारा वर्षांची मुदत मिळते. एका कागदाला बारा वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष. पेटीत ठेवल्यावर दोन्ही कागद सारखेच दिसतात!

काही वेळा मराठी शब्दच दगा देतो. हिंदू विवाह कायद्यात, १९५५ च्या, दोन वेगळ्या गोष्टी आहेत : घटस्फोट आणि न्यायिक फारकत. आपल्याकडे फारकत म्हणजे सोडचिठ्ठी. पण न्यायिक फारकतीत लग्न मोडत नाही, एकत्र राहण्याचे बंधन तेवढे सुटते. त्या कागदावर कोणी दुसरे लग्न लावले तर ते कायद्याने टिकत नाही. घटस्फोटाची डिक्री मिळाली तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. आणि हिंदू विवाह कायद्याखाली लागलेले लग्न नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून मोडत नाही, त्यावर नोटरीचा शिक्का असला तरीही.

लोकअदालतीतून येतो तो अवॉर्ड, म्हणजे निवाडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे त्याला दिवाणी डिक्रीचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. ‘समेट झाला, इथे अंगठा दे’ असे बाईला सांगितले जाते. अंगठा देण्याआधी तो मजकूर तिला पूर्ण वाचून दाखवणे हे आपले काम आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर आदेशच अनेक आहेत : संरक्षणाचा, निवासाचा, पैशांचा, मुलांच्या ताब्याचा, भरपाईचा. संरक्षण आदेश मोडणे हा वेगळा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आपल्या बाजूने निकाल लागला’ असे म्हणून थांबलो, तर त्याने पुन्हा हात उगारल्यावर पोलीस ठाण्यात दाखवायचा कागद कोणता, हेच कळत नाही.

आता ‘सुटला’. जामिनावर बाहेर आलेलाही सुटला आणि निर्दोष ठरलेलाही सुटला! जामीन म्हणजे खटला अजून उभा आहे. साक्ष अजून व्हायची आहे. बाईने हे ओळखले नाही तर ती खचते आणि साक्षीलाच जात नाही. निर्दोष सुटका झाली तरी सगळे संपत नाही. २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करण्याचा हक्क आहे.

आपल्या विदर्भातले मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील अत्याचार. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. खंडपीठाने म्हटले होते की भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाला ते पटले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते न्यायनिर्णयातल्या कारणांशी भांडले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. न्यायनिर्णय, म्हणजे जजमेंट, म्हणजे निर्णयामागची कारणे. कारणे वाचल्याशिवाय अपील लढता येत नाही, म्हणून शेवटचे पान मिळाले तरी पूर्ण नक्कल मागायचीच.

तेव्हा यापुढे कोणी ‘निकाल लागला’ म्हटले की चार प्रश्न विचारा. हा कागद आदेश आहे, डिक्री आहे की निवाडा? तात्पुरता आहे की शेवटचा? समोरच्याने काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत? आणि पटले नाही तर अपील किती दिवसांत? कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशावर ही मुदत तीस दिवस आहे आणि त्या आदेशाची प्रत बाईला मोफत मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही.

वकिलांना हे विचारताना संकोच करू नका. पोटगी तिची आहे, मुदत तिची चालली आहे. तारीख कागदावर लाल पेनाने लिहा आणि तिच्या घरच्या कॅलेंडरवरही.