एडिटरची कुळं आणि चुली

श्रोतेहो, आठ मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे टेक्स्ट एडिटरची कुळं. व्हीआय श्रेष्ठ की ईमॅक्स, या भांडणाचा निकाल ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यांनी खुशाल चहा टाकायला उठावं. तो निकाल मी देणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आज दोन-तीनदा सांगणार आहे, कारण अभ्यासक्रमात ती कुठेच नसते. एडिटरचा स्वभाव त्याच्या कर्त्याच्या डोक्यातून येतो हे खरं, पण त्याहून जास्त तो त्या कर्त्यासमोरच्या यंत्रातून येतो.

चुलीवर जन्म काढलेली आजी गॅसपाशी उभी राहिली की काय करते, आठवा. आच कमी करायची तर बटण फिरवत नाही, पातेलंच उचलून बाजूला ठेवते. पातेल्याच्या बुडाला बाहेरून मातीचा लेप लावते. चुलीला बटण नव्हतं. लाकूड मागे ओढायचं, नाहीतर भांडं वैलावर सरकवायचं, एवढेच दोन उपाय. हातांना तेच वळण पडलं. नातसून हसते, कारण तिने चूल पाहिलेली नसते. प्रॅक्टिकलला व्हीआय उघडून वैतागणारी आपली मुलं म्हणजे ही नातसून. आणि आपण शिक्षक त्यांना लेप कसा लावायचा ते पाठ करायला सांगतो, चूल दाखवत नाही.

तर पहिली चूल. 1969 साल, न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. केन थॉम्प्सन यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली होती. तेवढ्या अवधीत या गृहस्थांनी युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला आणि त्यातला सुमारे एक आठवडा एडिटरला दिला. त्या एडिटरचं नाव ईडी. नावाने दचकू नका, हा निरुपद्रवी आहे. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापणारा. 'तुमची आज्ञा चुकली आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा' असलं वाक्य छापायला त्याला किती वेळ लागला असता, तुम्हीच हिशेब करा. म्हणून चूक झाली की ईडी फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. आज्ञासुद्धा एकेका अक्षराच्या. मुलं याला उर्मटपणा म्हणतात. उर्मटपणा नाही हो, काटकसर आहे.

ईडीसुद्धा स्वयंभू नव्हे. त्याच्या आधी बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी क्यूईडी लिहिला होता. थॉम्प्सननी त्याची आपली आवृत्ती करताना तीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायचं तंत्र, आणलं, आणि ते आज जगभर चाललंय. लॅम्पसन हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

1976मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कूलूरिस ईडीला कंटाळले. त्यांनी 'मर्त्य माणसांसाठीचा एडिटर' अशा खोडकर नावाचा ईएम केला, आणि त्याच वर्षी तो बर्कलीत बिल जॉय यांच्या पाहण्यात आला. जॉय यांनी त्यातून ईएक्स केला आणि ईएक्सला पडदाभर मजकूर दाखवायची सोय केली. तोच व्हीआय. आता यंत्र बघा. टर्मिनल होतं एडीएम-3ए. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. एस्केपची कळ आज टॅब आहे तिथे, क्यूच्या शेजारी, करंगळीच्या टप्प्यात. घरून काम करायचं तर 300 बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. अशा यंत्रावर दोन अक्षरांत ओळ उडवणारा एडिटर हे वरदान होतं. आज एस्केप पार कोपऱ्यात गेली आहे, मोड बदलायला, म्हणजे लिहिण्यातून आज्ञा देण्याकडे यायला, हात लांबवावा लागतो आणि आपण व्हीआयला नावं ठेवतो. पुढे नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी अमिगा संगणकावर व्हिम रचला, 1991मध्ये तो लोकांना दिला आणि 2023मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला.

दुसरं कूळ एमआयटीतलं. 1962-63च्या सुमारास डॅन मर्फी यांनी पीडीपी-1 या संगणकासाठी टेको लिहिला. तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवलेला असे आणि यंत्राचा वेळ सोन्यासारखा. म्हणून दुरुस्त्यांची सगळी यादी आधी रचायची आणि मग पट्टीवर एकदम चालवायची. म्हणजे टेकोच्या आज्ञा हीच एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा झाली. दिसायला इतकी अगम्य, की आपलं नाव आज्ञा म्हणून टाइप करायचं आणि मजकुराचं काय होतं ते बघायचं, असा खेळच तिथे होता. या भाषेत लोकांनी आपापले मॅक्रो लिहिले. ते एकत्र करून 1976मध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील प्रभृतींनी ईमॅक्स घडवला. स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स 1985चा. ईमॅक्सला 'एडिटर नव्हे, अख्खं गाव आहे' म्हणून हसतात. पण पट्टीवर चालणारी भाषा पोटात घेऊन जन्मलेलं मूल दुसरं काय होणार? त्याच्या कंट्रोल-मेटाच्या जोडकळांनी करंगळी दुखते म्हणतात, तेही खरं आहे. एमआयटीच्या त्या काळच्या कीबोर्डांवर कंट्रोल स्पेसबारच्या शेजारी होती, अंगठ्याखाली. कळ हलली, आज्ञा राहिली. बुडाचा लेप राहिला, चूल गेली. हे मी पुन्हा सांगतोय, कारण सकाळी सातला रेडिओ ऐकणारा माणूस एका कानाने दात घासत असतो.

तिसरं कूळ आपल्या सगळ्यांच्या हाताखालचं. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक होता. चित्रासारखा पडदा आणि माऊस. त्यावर 1974मध्ये ब्रावो झाला, करणारे चार्ल्स सिमोनी आणि, बघा आले, बटलर लॅम्पसन. ब्रावोतही मोड होते. चुकीच्या मोडमध्ये 'एडिट' हा शब्द टाइप केला तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे घाल, आणि उरलेला टी हाच तुमचा सारा मजकूर! लॅरी टेस्लर यांना मोडचा इतका तिटकारा, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' होतं. त्यांनी आणि टिम मॉट यांनी पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी जिप्सी रचला. कात्री आणि डिंक घेऊन कागद जोडणारी ती माणसं, म्हणून त्यात कट आणि पेस्ट. बोटाने दाखवायला माऊस असला की मोडची गरज संपते. माऊसविना टेस्लरही हे करू शकले नसते. इथे बटणवाला गॅस आला.

नोटपॅड याच कुळातलं लेकरू, आणि त्याचीही जन्मखूण आहे. तो जन्मला तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा संसार होता. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 या आजच्या संकेतपद्धतीत तीन बाइट घेतं. म्हणून जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून एएनएसआय या जुन्या संकेतपद्धतीत सेव्ह केलं की सगळी प्रश्नचिन्हं. ही काटकसरीची नव्हेत बरं का! विंडोजने 2019मध्ये हे वळण बदललं. आणि यूटीएफ-8 कुणाचं? त्याच केन थॉम्प्सन यांचं. सप्टेंबर 1992मध्ये न्यू जर्सीच्या एका उपाहारगृहात रॉब पाइक सोबत असताना त्यांनी ते ताटाखालच्या कागदावर मांडलं.

काचेपलीकडून बोटं दाखवताहेत. वर्डस्टार राहिलाच, 1978चा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांत लोटस आणि डीबेसच्या जोडीने तो शिकलेली पिढी ऐकत असेल. कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स हा त्याचा चौकोनही बाणाच्या कळा नसलेल्या कीबोर्डांमुळे... असो. आयबीएमचं कूळ, ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड, तेही राहिलं.

शिक्षकमित्रांना एकच विनंती. व्हीआयच्या आज्ञांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एडीएम-3एच्या कीबोर्डचं चित्र दाखवा. पाच मिनिटं पुरतात. आणि विद्यार्थ्यांनो, लिनक्स किंवा मॅक असेल तर आज टर्मिनल उघडून ईडी चालवा. ए दाबून एंटर, चार ओळी लिहा, मग नुसता टिंब असलेली ओळ द्या. स्वल्पविराम आणि पी दिलात की लिहिलेलं छापून दाखवेल. बाहेर पडायला क्यू. सेव्ह न करता निघालात तर प्रश्नचिन्ह देईल. पुन्हा क्यू द्या, सोडेल.