पवित्र विहीर आणि तिची कथा



मेक्सिकोतील युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून नदी वाहत नाही. तेथील खडक चुनखडीचा. पावसाचे पाणी झिरपून पोटातल्या पोकळ्यांत साठते. एखाद्या पोकळीचे छत कोसळले की आपोआप विहीर उघडी पडते. तिला ‘सेनोते’ म्हणतात. प्राचीन माया लोकांची वस्ती अशाच पाण्याच्या आधाराने वाढली. चिचेन इत्झा या नगराच्या नावाचा अर्थच ‘इत्झांच्या विहिरीचे मुख’ असा आहे.

तेथील पवित्र विहिरीत पर्जन्यदेव चाक याला सुंदर कुमारिका अर्पण करीत, ही कथा लेखकांनी फार रंगवून सांगितली. १९०४ साली एडवर्ड थॉम्पसन यांनी तिचा गाळ उपसायला घेतला. सोने, जेड, धूप आणि हाडेही निघाली. अभ्यासकांनी हाडे तपासली, तेव्हा त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि पुष्कळशी लहान मुले होती. रूपवती कुमारिकेच्या नादात ती लेकरे विसरली गेली, असे मला वाटते.

जवळच्या इक किल सेनोतेत आज प्रवासी हौसेने पोहतात. पवित्र विहिरीत मात्र उतरण्यास मनाई आहे. ही कथा कोणी सांगू लागल्यास, भगिनींनो, त्या लेकरांचीही आठवण काढा, एवढेच माझे सांगणे.