कात्री कुठे चालली?

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिनेमा पाहून बाहेर पडताना आपण काय बोलतो? हिरोनं काम झकास केलं, गाणी भारी होती, फोटोग्राफी छान होती. पिक्चर फारच दुःखाचा असेल तर आपण काहीच न बोलता चालत राहतो. 'एडिटिंग चांगलं होतं' असं म्हणणारा क्वचितच भेटतो. यात प्रेक्षकाचा दोष नाही, कारण जोड दिसू न देणं हेच एडिटरचं, म्हणजे संकलकाचं काम असतं. पण जे सिनेमे आपल्याला आतून हलवतात, रात्री झोप येऊ देत नाहीत, त्यांच्या परिणामाचा मोठा वाटा संकलनाच्या टेबलावर तयार झालेला असतो. मी माहितीपटांचं संकलन करतो. त्या टेबलावर नेमकं काय घडतं ते आज तुम्हाला सांगायचं आहे, आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलशी त्याचा काय संबंध आहे तेही.

सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करू. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव नावाचे दिग्दर्शक होते. त्यांनी एका नटाच्या चेहऱ्याचं एकच दृश्य घेतलं. चेहऱ्यावर विशेष भाव नाही. त्यापुढे एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटीतली बाई जोडली, एकदा खेळणारी लहान मुलगी जोडली. त्यांचे विद्यार्थी पुदोवकिन यांनी लिहून ठेवलंय की प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली. सूपकडे पाहताना त्याच्या नजरेत विचार होता, शवपेटीकडे पाहताना दुःख होतं, मुलीकडे पाहताना माया होती, असं त्यांना दिसलं. चेहरा मात्र तोच होता. भाव प्रेक्षकांनी स्वतःच्या मनातून त्यावर चढवला होता. दोन चित्रं शेजारी ठेवली की त्यांच्यामधला अर्थ पाहणारा स्वतः भरतो. संकलनाची सगळी ताकद इथे आहे. आणि जो अर्थ आपण स्वतः भरलेला असतो, त्यावर आपण कधी शंका घेत नाही.

आता हिचकॉकचा 'सायको' घ्या. १९६० सालचा. त्यातला बाथरूममधला खून जगभर गाजला. तो प्रसंग ७८ वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपला होता आणि त्यात ५२ कट आहेत असं सांगितलं जातं. प्रत्यक्ष खून पाऊण मिनिटाच्या आसपासचा. चाकू वर जातो, ओरडणारं तोंड दिसतं, पाणी दिसतं, हात दिसतो, पुन्हा चाकू. चाकू शरीरात खोल घुसलेला आपण पाहत नाही. पण बघितलेल्या माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी वार पाहिले. वार त्यानेच कल्पनेत केलेले असतात. सिनेमा कृष्णधवल होता आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, हे कळल्यावरही भीती कमी होत नाही.

हे झालं वेगाने कापण्याचं उदाहरण. न कापण्याची आणि न दाखवण्याची ताकद याहून मोठी आहे. 'सैराट' तुमच्यापैकी सगळ्यांनी पाहिलेला आहे. २०१६ साली आपल्या गावागावांत लोक त्याच्या गाण्यांवर नाचले. त्या सिनेमाचं संकलन कुतुब इनामदार यांचं. शेवट आठवा. हैदराबादच्या घरात आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. ती चहा करते. मूल शेजारच्या बाईबरोबर बाहेर गेलेलं आहे. आपल्याला काहीतरी चुकीचं घडणार असं वाटत असतं, आणि सिनेमा मात्र घाई करत नाही. कप, चहा, बसलेली माणसं. मग कट. मूल परत येतं. खून पडद्यावर होतच नाही. आपण त्या लेकराबरोबर दारातून आत जातो आणि जे त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. आवाज गेलेला असतो. मूल रडत बाहेर येतं, आणि फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.

विचार करा, इथे कात्री वेगळी चालली असती तर? कोयते दाखवले असते, झटापट दाखवली असती, मागे जोरात संगीत लावलं असतं, तर आपण मारणाऱ्यांवर संतापलो असतो. संताप आला की माणूस मोकळा होतो, शिव्या घालतो, घरी जाऊन जेवतो. इथे संतापायला जागाच ठेवलेली नाही. दोन-अडीच तास ज्या सिनेमाने आपल्याला गाण्यांवर डोलवलं, त्याच सिनेमातली ही शांतता आपल्याला विचारते की या लेकराचं आता काय? संकलकाने प्रेक्षकाला पळायला वाट दिली नाही, म्हणून तो शेवट आपल्या मनातून जात नाही.

तिसरी रीत पुनरावृत्तीची. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' आला १९७४ साली. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला. विषय फाळणीचा, पण कत्तलीचा प्रसंग त्यात नाही. काय आहे? आग्रा स्टेशन. सुरुवातीलाच सलीम मिर्झा कुणा आप्ताला गाडीत बसवून हात हलवतात आणि टांग्यातून परततात. मग भाऊ जातो. पुढे थोरला मुलगा जातो. दर वेळी गाडी सुटते आणि सलीम मिर्झा मागे उरतात. एकदा पाहिलं तर तो एक निरोप असतो. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर आपल्याला त्या घराची एकेक खोली रिकामी होताना जाणवते. म्हणूनच शेवटी ते स्वतः स्टेशनकडे निघतात तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. आणि वाटेत मोर्चा लागतो, मुलगा त्यात सामील होतो, पाठोपाठ तेही टांग्यातून उतरतात, तेव्हा एकही भाषण न होता आपल्याला कळतं की हा माणूस राहणार. वर्षानुवर्षं आपल्याला ऐकवल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर त्या सिनेमाने स्टेशनवरच्या दृश्यांच्या मांडणीतून दिलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की संकलन म्हणजे चांगल्या माणसांच्या हातातलं चांगलं हत्यार. तसं नाही.

१९१५ साली अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ ए नेशन' आला. सिनेमाच्या तंत्राचा विद्यार्थी त्याला टाळू शकत नाही. त्याच्या शेवटी समांतर संकलन आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवणं. एका लहान झोपडीत गोरं कुटुंब अडकलंय, बाहेर काळे सैनिक दार तोडताहेत. कट. पांढरे झगे घातलेले घोडेस्वार दौडत येताहेत. कट. दार मोडतंय. कट. घोडे. श्वास अडकतो. प्रेक्षकाच्या मनात एकच धावा सुरू होतो की घोडेस्वार वेळेवर पोहोचू देत. आणि हे घोडेस्वार कोण? कू क्लक्स क्लॅन, काळ्या लोकांना मारणारी टोळी. खुन्यांच्या टोळीसाठी लाखो माणसांनी खुर्चीच्या टोकावर बसून दुवा मागितली. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात मोडीत निघालेली क्लॅन नव्याने उभी राहिली आणि पुढे भरतीसाठी तिने हाच सिनेमा वापरला. काळ्या नागरिकांच्या संघटनेने निषेध केला, पण खेळ चालूच राहिले.

त्या प्रसंगात झोपडीतल्या माणसांचे चेहरे जवळून दिसतात, त्यांची भीती दिसते. बाहेरच्या काळ्या माणसांची फक्त गर्दी दिसते. ज्याचा चेहरा जवळून दिसला तो आपला वाटतो आणि जो गर्दीत राहिला तो धोका वाटतो. आज आपल्याबद्दल जे सिनेमे निघतात ते पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. टोपी, दाढी, बुरखा गर्दीतच दिसतो की त्या गर्दीतल्या एखाद्याचं घर, आई, नोकरी, भीती कधी दिसते? पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या दुःखावरचा सिनेमा पाहतानाही हाच प्रश्न विचारा. त्यात समोरच्याचा चेहरा आहे का?

हे शक्य आहे याचा पुरावा १९६६ सालच्या 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स'मध्ये आहे. दिग्दर्शक जिलो पॉन्तेकोर्व्हो. अल्जीरियाचा फ्रेंचांविरुद्धचा स्वातंत्र्यलढा त्याचा विषय, आणि सिनेमा उघडपणे अल्जीरियाच्या बाजूचा. लढ्यातले एक नेते यासेफ सादी यांनी स्वतः त्यात काम केलं आणि निर्मितीतही भाग घेतला. तो इतका खरा वाटतो की त्यात बातमीपटाची एक फूटही फिल्म वापरलेली नाही, असं सुरुवातीलाच सांगावं लागलं. त्यात कसबामध्ये, म्हणजे मुसलमानांच्या जुन्या वस्तीत, रात्री स्फोट होतो आणि ढिगाऱ्याखालून लेकरांची प्रेतं निघतात. मग तीन बाया युरोपियन वस्तीत बॉम्ब ठेवायला जातात. प्रेक्षक या वेळी पूर्णपणे त्यांच्या बाजूला असतो. तिथे, कॅफेत पिशवी ठेवल्यावर, ती बाई आजूबाजूला पाहते. कट. गप्पा मारणारी तरुण मुलं. कट. घड्याळ. कट. आइस्क्रीम खाणारं लहान मूल. आपल्या छातीत धडधड सुरू होते, पण आता ती कुणासाठी? स्फोटानंतर जे शोकाचं संगीत ऐकू येतं, ते कसबातल्या प्रेतांवर वाजलेलंच संगीत आहे.

त्या मुलाचं दृश्य कापून टाकणं अगदी सोपं होतं. तीन-चार सेकंदांचा प्रश्न होता. ते ठेवल्याने अल्जीरियाची बाजू कमकुवत झाली का? मला तसं वाटत नाही. गुलामीचा अन्याय सिनेमात तसाच राहतो, फक्त प्रेक्षकाला रक्ताची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. आपल्या बाजूने बोलताना खरं बोलणं याला म्हणतात. इन्साफाची गोष्ट करणाऱ्या चळवळीला याहून चांगला धडा कोणता सिनेमा देईल, मला माहीत नाही.

आता मोबाइलकडे येतो. आज सगळ्यात हादरवणारी दृश्यं आपण थिएटरमध्ये पाहत नाही, हातात पाहतो. ती चाळीस सेकंदांची असतात आणि त्यांच्यावरही कुणाची तरी कात्री चाललेली असते.

कराचीत लहान मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने एक जाहिरात तयार केली होती. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून नेतात. थोड्या वेळात ते परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, सावध राहा. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट. कुणीतरी तिचा शेवट कापला. मूल परत येण्याचा भाग गेला, फलक गेला. उरलं काय? दिवसाढवळ्या मूल पळवणारे दोन पुरुष. हा तुकडा खरी घटना म्हणून भारतभर व्हॉट्सॲपवर फिरला. एकच कट, फार तर काही सेकंदांचा.

मुलं पळवणारी टोळी आली आहे, या अफवेचे असे व्हिडिओ आणि मेसेज २०१८ साली गावोगाव पोहोचले होते. १ जुलै २०१८ रोजी आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं गेलं. मारहाणीचेही व्हिडिओ निघाले आणि तेही फिरले.

म्हणून मी तुम्हाला चार प्रश्न देतो. काळीज पिळवटणारी क्लिप आली की बोट फॉरवर्डवर जाण्याआधी हे विचारा. ही कुठे सुरू होते, आणि त्याआधी काय घडलं असेल? ही कुठे थांबते, आणि त्यानंतर काय घडलं असेल? यातलं संगीत कुणी लावलं? घटनास्थळी तर ते वाजत नव्हतं. आणि यात कुणाचा चेहरा दिसतो, कोण नुसती गर्दी आहे? उत्तर मिळालं नाही तर क्लिप तुमच्यापाशीच थांबू द्या. क्लिप आपल्या बाजूची असेल तेव्हा तर दुप्पट काटेकोर राहा, कारण आपल्याला हवं असलेलं दुःख आपण तपासून घेत नाही.

यावर एक शंका नेहमी येते. असं चिकित्सा करत बसलो तर मन कोरडं होणार नाही का? माझा अनुभव उलटा आहे. 'सैराट'चा शेवट कसा जुळवलाय हे मला कट-कट माहीत आहे, तरी ते लाल ठसे आले की घसा दाटतो. खऱ्या दुःखाला चौकशीची भीती नसते. चौकशी केल्यावर जे विरून जातं, ते दुःख कुणीतरी आपल्याला विकलेलं असतं.

तुमच्यातले काहीजण स्वतः रील करतात, मोर्चाचं, मोहल्ल्याच्या प्रश्नांचं शूटिंग करतात. तुमच्या मोबाइलमध्येही आता कात्री आहे. चार सेकंद कापण्याआधी त्या चार सेकंदांत कोण आहे ते नीट पाहा. आता प्रश्न विचारा, मी थांबतो.