गोळ्या किती उरल्या?



आज बंदुकांबद्दल बोलणार आहे, पण ज्या अजून कुठल्याच कारखान्यात तयार झालेल्या नाहीत अशा. विज्ञानपटांतल्या. रेडिओवरून बोलतोय, तेव्हा सुरुवात आवाजापासून करतो.

१९७७ साली जॉर्ज ल्यूकसचा ‘स्टार वॉर्स’ आला. त्यातल्या ‘ब्लास्टर’चा आवाज शाळकरी पोरंसुद्धा तोंडाने काढतात: प्यूं, प्यूं! हा आवाज बेन बर्ट या ध्वनिसंयोजकाला मिळाला तो रेडिओच्या मनोऱ्यापाशी. वाऱ्यात डोलू नये म्हणून अशा मनोऱ्याला चहूबाजूंनी पोलादी तारांचे ताण दिलेले असतात. त्यातल्या एका तारेवर बर्टने हातोडी मारली आणि तो टणत्कार टिपून घेतला. ताणलेल्या जाड तारेतून बारीक, उंच पट्टीचे स्वर पुढे पळतात आणि खर्जातले मागून येतात. त्यामुळे तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच टोला वरून खाली घसरत आल्यासारखा ऐकू येतो. थोडक्यात, विज्ञानपटांतली सगळ्यांत प्रसिद्ध बंदूक आमच्या रेडिओवाल्यांच्या सामानातून निघाली आहे. हे श्रेय आम्ही का सोडावं?

आता तुमच्यातले भौतिकशास्त्र शिकलेले श्रोते म्हणतील, पण अवकाशात आवाज येईलच कसा? तिथे हवा कुठे आहे? शिवाय प्रकाशाचा झोत बाजूने जाताना दिसतो कसा? मध्ये धूळ नाही, धूर नाही, म्हणजे तो डोळ्यांपर्यंत पोचायला नको. दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. पण एक साधा हिशेब करून पाहा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. रायफलची गोळी सेकंदाला ९०० मीटर जाते असं धरलं, तर एका चौकटीपासून दुसरीपर्यंत ती साडेसदतीस मीटर पुढे गेलेली असते. बोळातल्या चकमकीत ती पडद्यावर दिसणारच नाही. आणि खरोखर प्रकाशाचा झोत असेल, तर तेवढ्याच अवधीत तो साडेबारा हजार किलोमीटर जाईल. पृथ्वीचा व्यास जवळपास तेवढाच आहे. ल्यूकसची ती लाल रेघ मात्र एखाद्या बोळातून सावकाश, डोळ्यांना झेपेल अशी जाते. कोणी कोणावर झाडली, नेम चुकला की लागला, हे प्रेक्षकाला कळतं. शास्त्र बिघडलं, पण चकमक समजली. ही अदलाबदल मला मान्य आहे.

शिवाय त्या चित्रपटातल्या बंदुका तितक्याशा खोट्या नव्हत्याच. त्यातला एक नायक हान सोलो कमरेला लावतो ते मुळात जर्मन बनावटीचं माउझर पिस्तूल. १८९८ साली सुदानमधल्या ओमडुरमनच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात याच जातीचं पिस्तूल होतं. पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांकडे ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग सबमशीनगन होती, वर दुर्बीण आणि थोडी सजावट चढवलेली. चित्रीकरणात त्यांतून ब्लँक, म्हणजे बिनगोळीची काडतुसं उडवली गेली. त्यामुळे नटाच्या खांद्याला बसलेला हिसका खरा आहे आणि नळीच्या तोंडाशी झालेला जाळही खरा आहे. नीट पाहिलंत तर कुठे कुठे रिकामी काडतुसं बाजूला उडतानाही दिसतात. किरणांच्या बंदुकीतून पितळी काडतूस पडणं ही चूकच, पण मला आवडणारी. हल्ली जाळ, धूर, हिसका सगळं मागाहून संगणकावर भरता येतं. सेटवरच्या माणसांच्या जिवाच्या दृष्टीने ते उत्तम, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंदूक हातात जड नसेल तर मनगट खोटं बोलतं आणि ते पडद्यावर कळतं.

खऱ्या अवकाशात बंदूक चालेल का? चालेल. पेटण्यासाठी लागणारा प्राणवायू काडतुसातल्या दारूच्या मिश्रणातच बांधलेला असतो, बाहेरची हवा लागत नाही. २००२ सालच्या ‘फायरफ्लाय’ मालिकेने यानाबाहेर आवाज बंद ठेवण्याचं धाडस केलं, त्याबद्दल तिचं कौतुक. पण त्याच मालिकेत एक गडी आपल्या लाडक्या रायफलीला हवा मिळावी म्हणून तिला चक्क अंतराळपोशाख चढवून बार काढतो. गरज नव्हती, पण दृश्य झकास आहे.

आणि धक्का? आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७०० मीटर वेगाने सुटली, तर पोशाखासकट दीडशे किलो वजनाचा तरंगता माणूस सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर मागे सरकेल. एका बाराने कोणी गुरूच्या दिशेने भिरकावला जाणार नाही. पण बंदूक खांद्याला लावलेली असते, धक्का शरीराच्या मध्यापासून बाजूला बसतो, म्हणून माणूस गरगरू लागेल. पायाखाली जमीन नाही, धरायला खांब नाही. दुसरा नेम धरायचा कसा? हे गरगरणं पडद्यावर क्वचितच दिसतं.

हे सगळं कागदावरचंच आहे असंही नाही. १९७४ साली सोव्हिएत संघाने ‘सॅल्यूत-३’ नावाचं स्थानक कक्षेत सोडलं. जगाला सांगितलं संशोधनाचं, प्रत्यक्षात ते लष्करी होतं आणि त्याच्या अंगावर विमानातल्या तोफेवरून बेतलेली एक तोफ होती. ती वळवता येत नव्हती. नेम धरायचा तर अख्खं स्थानक फिरवायचं! आत माणसं असताना ती उडवायची हिंमत कोणी केली नाही. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानक रिकामं झाल्यावर, जमिनीवरून हुकूम देऊन ती उडवली गेली आणि त्यानंतर लगेचच स्थानक वातावरणात उतरवून जाळून टाकलं. अवकाशातला हा खरा गोळीबार एकाही माणसाने जवळून पाहिला नाही.

असं कचरणंच मला पडद्यावर हवं असतं. यानाच्या पातळ पत्र्याआड लोक बेधडक गोळ्या झाडतात आणि पत्र्याला भोक पडत नाही, तिथे माझं मन उडतं. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका २०१५ साली सुरू झाली. तिच्यातल्या लढाऊ यानांची माणसं लढाईपूर्वी हवाबंद पोशाख चढवतात, कारण गोळी एका भिंतीतून शिरून दुसरीतून निघणार हे त्यांनी धरलेलंच असतं. पहिल्याच हंगामात एक प्रसंग आहे. काही माणसं एका युद्धनौकेच्या कोठडीत खुर्च्यांना बांधून बसली आहेत. बाहेर लढाई चालली आहे, ती त्यांना दिसत नाही. एक जण बोलत असतो आणि बोलता बोलता त्याचं डोकं नाहीसं होतं. गोळा भिंतीतून आला आणि भिंतीतून गेला. शोक करायलाही वेळ नाही, कारण दोन भोकांतून हवा चालली आहे, ती आधी बुजवायला हवीत. शत्रूचा चेहरा नाही, वीरश्री नाही, एक पत्रा फुटला एवढंच. अवकाशातल्या लढाईची इतकी भीती मला दुसऱ्या कुठल्या प्रसंगात वाटलेली नाही.

तरीही पहिला क्रमांक मी जुन्याच चित्रपटाला देईन. १९८६ सालचा जेम्स कॅमेरॉनचा ‘एलियन्स’. यात अवकाश जेमतेम आहे. बहुतेक सगळं एका परग्रहावरच्या वस्तीत, तिथल्या हिंस्र प्राण्यांशी लढताना घडतं. सैनिकांची ‘पल्स रायफल’ दुसऱ्या महायुद्धातल्या थॉम्सन बंदुकीच्या पोटाभोवती बांधलेली आहे, आणि कमरेच्या आधारावर पेललेली ती मोठी बंदूक म्हणजे जर्मन एमजी-४२. सार्जंटचं काम करणारे अल मॅथ्यूज स्वतः अमेरिकन मरीन म्हणून व्हिएतनामात लढलेले. त्यांच्या ओरडण्यात पाठांतर नाही.

पण खरी करामत पुढे आहे. तुकडी एका प्रचंड संयंत्राच्या तळघरात शिरते. बाहेर यंत्रांपाशी बसलेली नायिका रिप्ली नकाशा बघून विचारते की यांच्या बंदुकीत गोळ्या कुठल्या आहेत. वर अणुभट्टीची शीतक यंत्रणा आहे, तिला गोळ्या लागल्या तर सगळंच उडेल. लेफ्टनंट हुकूम सोडतो: मॅगझिनं काढून घ्या. सार्जंट एकेकापाशी जातो आणि जगातले सगळ्यांत आधुनिक सैनिक तोंड वाकडं करत आपापल्या गोळ्या काढून देतात. दोघं जण चोरून आपली हत्यारं चालती ठेवतात. अजून लढाईला तोंडही फुटलेलं नाही, आणि आपण खुर्चीत आवळून बसलो आहोत.

त्या रायफलीवर उरलेल्या गोळ्यांचा आकडा दाखवणारी छोटी लाल पट्टी आहे. चित्रपटाच्या नंतर आलेल्या लांब आवृत्तीत याच कल्पनेवर एक अख्खा प्रसंग उभा आहे. बोळात आपोआप चालणाऱ्या बंदुका ठेवल्या आहेत आणि माणसं दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसली आहेत. लढाई आपल्याला जवळपास दाखवलेलीच नाही. दूरवरून खडखडाट ऐकू येतो आणि पडद्यावर आकडे धडाधड उतरत जातात. शेकड्यांवरून दशकांवर येतात. बंदूक थांबते तेव्हा शेवटी दहाच उरलेले असतात, आणि हल्लेखोर मागे फिरले आहेत. आत काय उरलंय हे त्यांना कळलं असतं तर? डोळे मिटून ऐकलं तरी हा प्रसंग कळेल. नभोनाट्यवाल्यांना हेवा वाटावा असा आहे.

आता आपल्याकडचा ‘एन्थिरन’ आठवा. २०१० सालचा, हिंदीत ‘रोबोट’ म्हणून आलेला. रजनीकांतच्या शेकडो प्रतिकृती एकमेकींना चिकटून मोठा गोल होतात आणि चहूकडे बंदुका रोखून धडधडत सुटतात. मी तो शिट्ट्यांच्या गजरात पाहिला आणि मीही हसलो. पण तिथे गोळ्या संपत नाहीत, बंदूक तापत नाही, कुणाला काही मोजावं लागत नाही. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलातही इतकी सवलत नसते, रीळ संपलं की दुसरं मागायला आईकडे जावं लागतं. मजा भरपूर, धाकधूक शून्य.

म्हणून प्रकाशाचा वेग चुकला, अवकाशात आवाज आला, तर मी हुज्जत घालत नाही. झाडणाऱ्याला गोळी काटकसरीने वापरावी लागते का आणि चुकलेली गोळी कुठे तरी लागते का, एवढं मी बघतो. या कसोटीवर ‘एलियन्स’ इतक्या वर्षांनीही पक्का उतरतो. त्याची लांब आवृत्ती मिळाली तर तीच पाहा, आणि बोळातल्या बंदुकांचा तो प्रसंग आला की आवाज जरा मोठा करा.