समुद्रांतलें वादळ आणि बागेंतला मजूर



दुष्काळ म्हटला म्हणजे कोरडी विहीर डोळ्यांपुढें येते. पाण्यानेंही दुष्काळ पडतो, हें नाशिक जिल्ह्यास २०१९ सालीं कळून चुकलें. त्या वर्षीं अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. एका वर्षांत इतकीं १९०२ सालानंतर झालीं नव्हतीं. हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें होतें, हें त्याचें एक प्रमुख कारण. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ व ‘महा’ हीं दोन वादळें एकाच वेळीं त्या समुद्रांत फिरत होतीं. त्यांपैकीं एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यास लागलें नाहीं. तथापि त्यांच्या ढगांनीं ऐन दिवाळींत आमच्याकडे पावसाची झोड उठविली.

हा काळ फार नाजूक. निफाड-दिंडोरींत गोडी छाटणी होऊन द्राक्षवेली फुलोऱ्यावर येतात. बागलाणांतल्या लवकर छाटलेल्या बागांत तर माल धरलेला असतो. फुलोरा गळाला, घड कुजले, मणी तडकले. मक्याच्या कणसांना शेतांतच कोंब फुटले. कांद्याचें विचारूंच नका. डिसेंबरांत तो किलोस शंभर रुपयांवर गेला, तेव्हां शहरवासीयांसही वादळ कोठें झालें तें उमगलें.

राज्यपालांनीं नोव्हेंबरांत खरीप पिकांस हेक्टरीं ८,००० व फळबागांस १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, जाहीर केले. बागेच्या खर्चापुढें रक्कम तोकडी, पण कांहीं तरी होती. मी वकील, माझी दृष्टि आधीं कागदावर जाते. पंचनामा पिकाचा होतो, व पीक ज्याच्या सातबाऱ्यावर त्याचें. पेठ-सुरगाण्याहून छाटणीस व विरळणीस येणाऱ्या बिऱ्हाडांचें नांव येथील कोणत्या सातबाऱ्यावर आहे? बाग गेली कीं त्यांची हंगामाची मजुरी गेली, आणि पंचनाम्यांत मजुरीस रकाना नाहीं. बागाईतदारानें त्यांस पोसावें म्हणणें सोपें. त्याच्याच डोक्यावर सोसायटीचें व औषधवाल्याचें देणें असतें.

म्हणून या निधींतून मजुरीचा भाग निराळा काढावा. कुजलेले घड उतरविणें, चर खणून साचलेलें पाणी काढणें, हीं कामें रोख मजुरीनें व्हावींत. धान्य वांटूं नये असें नव्हे. परंतु धडधाकट माणसास रांगेंत उभें करणें मला रुचत नाहीं.

अरबी समुद्राचा पावसाळ्यानंतरचा वादळी हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका आमच्या छाटणीच्या पाठोपाठ येतो. तरी व्यापारी मंडळींनीं दसऱ्यापूर्वींच आंकडा घालावा. जमीनदारांस रोख देणें न जमल्यास त्यांनीं आपल्या गांवीं या बिऱ्हाडांस जागा व जळण द्यावें. वर्गणीची वही चिटणिसांपाशीं आहे.