हुरड्याच्या वाटेवरची घोणस

हिवाळ्यात वाशीम, मंगरूळपीर, कारंजाकडची कुटुंबं लेकराबाळांसह शेतात हुरडा खायला निघतात. त्याच दिवसांत घोणस धुऱ्यावर उन्हाला पडलेली असते. अंगावर गोल तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी. अजगराचं पिल्लू समजून लेकरं हात लावायला जातात, आणि हेच फार धोक्याचं. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला, की थबका, लेकरांना धरून हळूहळू मागं सरा. दगड मारू नका. चावलीच, तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. तिच्या विषानं रक्त गोठत नाही, जखम वाहतच राहते. हात-पाय हलवू न देता १०८ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी रुग्णालयात देतात.