पेटीत दहा, वाजतात तीन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून या व्यासपीठावर आपल्यातले डॉक्टर बोलले, बियाण्यांच्या कंपनीतले अधिकारी बोलले, पोलाद कारखान्यातले इंजिनिअर बोलले. मी बँडवाला. दहावी झाल्यापासून अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा सगळ्या तालुक्यांत लग्नाच्या वरातीत सॅक्सोफोन वाजवत आलो. म्हणून मला ज्यातलं कळतं त्यावरच बोलतो. विषय आहे सॅक्सोफोनची रीड. वस्तू बोटाएवढी आहे, पण आपण आज दुपारी जो ठराव करणार आहोत त्याच्याशी तिचा संबंध आहे.

सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण त्याचा आवाज पितळेतून निघत नाही. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ साक्स नावाच्या कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. तोंडात धरायच्या माउथपीसला खालून एक काडीची पट्टी बांधलेली असते, ती रीड. लांबी सात सेंटिमीटरच्या आसपास, आणि टोकाची जाडी साधारण एक दशांश मिलीमीटर. फुंकलं की ते टोक थरथरतं आणि पुढचा सगळा पाइप त्या थरथरीला सूर देतो. रीड बिघडली की हजारो रुपयांच्या सॅक्सोफोनची किंमत मोडीच्या भावाची.

ही काडी म्हणजे एक उंच गवत. शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. ऊस, बांबू हे याच कुळातले. आपल्या आजोबांनी ज्या बोरूने कित्ता गिरवला तोही याच भावकीतला. सॅक्सोफोनच्या रीडसाठी नावाजलेली काडी दक्षिण फ्रान्सच्या वार भागातली. दोन वर्षं वाढू देतात, हिवाळ्यात कापतात, वाळवतात, उन्हात फिरवून फिरवून पिवळी करतात आणि मग चिरून रीड कापतात.

इथं मोसंबीची बाग असलेले बरेच जण बसले आहेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. एकाच झाडाच्या एकाच फांदीची दोन फळं सारखी गोड निघत नाहीत. काडीचंही तसंच. कारखान्यातलं यंत्र प्रत्येक रीड एकाच मापाने कापतं, पण आतले धागे शेतातून जसे आले तसेच असतात. पेटीवर दोन, अडीच, तीन असा नंबर असतो. टोक दाबून ते किती ताठ आहे हे मोजतात आणि त्यावरून हा नंबर पडतो. त्यातून ताठपणा कळतो. डावी कड आणि उजवी कड सारखी आहे का, खालचा सा सहज लागतो का, वरचा सूर चिरकतो का, हे त्या नंबरातून कळत नाही. म्हणून दहा रीडची पेटी फोडली की माझ्या अनुभवात साधारण तीन लगेच वाजतात, चार रियाजापुरत्या चालतात, आणि तीन नुसत्याच पेटीत राहतात.

माझे वडील सनई वाजवायचे. सनईच्या तोंडाशीही पत्तीच असते, तीही गवताचीच. बिस्मिल्ला खाँसाहेबांचा जन्म बिहारमधल्या डुमराँवचा. सनईच्या पत्तीला लागणारं नरकट गवत तिथं शोण नदीच्या काठी होतं. वडिलांच्या सनईला दोऱ्याने तीन-चार जादा पत्त्या आणि एक सुई कायम लटकलेली असायची. सनई विकत मिळते, पत्ती मिळवावी लागते, असं ते म्हणत. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ नागस्वरम वाजवणाऱ्या वडिलांचे चिरंजीव. त्यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत बसवलं आणि १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवलं. पत्तीच्या वाद्याच्या घरातला मुलगा सॅक्सोफोनकडे गेला, हे ऐकून मला फार जवळचं वाटलं होतं. हिंदी चित्रपटात सॅक्सोफोन ऐकायचा तर मनोहारी सिंग. १९६४ च्या 'कश्मीर की कली'पासून त्यांचा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात आहे, फक्त नाव माहीत नसतं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मी नेहमीची पेटी मागवली. नाव तेच, नंबर तोच, भाव थोडा चढा. दहाच्या दहा रीड फोडल्या. एकही धड नाही. चार इतक्या मऊ की फुंकर घातली की मिटायच्या, बाकीच्या एका कडेला जाड. दुकानदार म्हणाला, फोडलेली पेटी परत घेत नाही. आता फोडल्याशिवाय रीड कळणार कशी? वीस सुपाऱ्या हातात, विसार घेतलेला, बँडमध्ये चौदा माणसं, आणि नवरदेव परण्याला निघाला की सगळ्यांचं लक्ष सॅक्सोफोनकडे. डीजेवाला बाजूच्या गल्लीत टपूनच असतो. एका वरातीत आवाज फाटला की पुढच्या वर्षी ते घर डीजेच सांगतं. चौदा घरांची चूल त्या एक दशांश मिलीमीटरवर आली होती.

ती लग्नसराई आम्ही पार पाडली. जे केलं ते सांगतो, कारण आपल्या शाळेतल्या मुलांना तेच शिकावं लागणार आहे.

पहिलं, रीड पाण्यात दोन मिनिटं भिजवायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. टोक वाळून लाटा येतात, आणि लाटा आलेली रीड माउथपीसवर बसतच नाही. भिजली की बऱ्याच लाटा जातात. चांगल्या-वाईटाचा निकाल त्यानंतरच लावायचा.

दुसरं, माउथपीस तोंडात थोडा डावीकडे कलता धरून फुंकायचं, मग उजवीकडे. एका बाजूला आवाज मोकळा आणि दुसऱ्या बाजूला घुसमटलेला आला, तर घुसमटलेली कड जाड आहे. काच घ्यायची, बारीक पॉलिश पेपर घ्यायचा, आणि जाड कड दोन-तीनदा हलकेच घासायची. चौथ्यांदा घासण्याआधी वाजवून पाहायचं. घासलेलं परत लावता येत नाही.

तिसरं, मऊ पडलेल्या रीडचं टोक केसभर कापायचं. त्यासाठी रीड कापायचा चिमटा मिळतो. टोक मागे सरलं की रीड ताठ होते. त्या मऊ चारपैकी दोन अशा वाचल्या.

चौथं, एकाच चांगल्या रीडवर जीव टाकायचा नाही. चार रीडवर एक ते चार आकडे घालायचे आणि आलटून पालटून वाजवायच्या. नवी रीड पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला कोणी जुंपत नाही. वाजवून झालं की पुसून सपाट काचेवर ठेवायची. माउथपीसवर तशीच बांधून ठेवली की ती वाकते आणि तिला बुरशी धरते.

एवढं करूनही रीड कमीच पडल्या. तेव्हा बँडमधल्या एका पोराने प्लॅस्टिकची रीड मागवली. कॅनडातली एक कंपनी १९९८ पासून या रीड बनवते, आता आणखीही कंपन्या बनवतात. एका रीडची किंमत काडीच्या अख्ख्या पेटीच्या जवळपास. आमचे मास्तर ती पाहून म्हणाले, "हिच्यात जीव नाही. कंगवा फुंकल्यासारखं वाटतं." मी ती बांधून मंठ्याच्या एका वरातीत तीन तास वाजवली.

दोन्ही बाजू सांगतो. प्लॅस्टिकची रीड भिजवावी लागत नाही. वरात मध्येच थांबली, पाहुण्यांची भाषणं झाली, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकलं, तरी पहिलाच सूर लागतो. आज जशी वाजली तशीच परवा वाजते. नंबर एकदा जुळला की पुढच्या वेळी तोच मागवायचा. उलट, भर दुपारच्या उन्हात ती थोडी मऊ पडते, म्हणून उन्हाळ्यासाठी मी किंचित ताठ नंबर घेतो. हळू वाजवताना, मींड घेताना, काडीत जो ओलावा ऐकू येतो तो तिच्यात मला सापडत नाही. आणि तीही अमर नाही. महिन्यांनी का होईना, टोक थकतं, एखाद दिवशी चिरतं.

म्हणून आता माझ्या डब्यात दोन्ही असतात. वरातीला प्लॅस्टिक. राजूरच्या गणपतीपुढे किंवा कुणाच्या घरी बसून एखादी जुनी चाल वाजवायची असेल तर काडी. मास्तर अजून नाक मुरडतात, पण लग्नसराईत त्यांच्या क्लॅरोनेटलाही मी प्लॅस्टिकची रीड पाहिली आहे. मी काही बोललो नाही.

आता ठरावाकडे येतो. पंचवीस वर्षांनी जमलो आहोत तर शाळेला बँडचा पूर्ण संच द्यायचा, असं आपल्या बॅचने ठरवलं आहे. ड्रम, बिगुल, ट्रम्पेट, चार क्लॅरोनेट, दोन सॅक्सोफोन. संच मेरठहून येईल. तिथं जलीकोठी नावाच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्यं बनतात, घेणं योग्यच आहे. पण जमलेले सगळे पैसे पितळेवर घालू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

जिल्ह्यातल्या एका शाळेत मला वाद्यं दुरुस्त करायला बोलावलं होतं. कपाट उघडलं तर क्लॅरोनेट नवेकोरे, चाव्या चकचकीत. दुरुस्तीचं काही कामच नव्हतं. संचाबरोबर आलेल्या रीड पहिल्या दोन महिन्यांत संपल्या होत्या आणि नव्या घ्यायला कोणत्याच खात्यात पैसे नव्हते. उद्घाटनाचा फोटो मात्र कार्यालयात फ्रेम करून लावलेला होता.

हिशेब सोपा आहे. सहा मुलं रीडची वाद्यं वाजवणार. शिकणारं मूल महिन्याला दोन रीड खराब करतं. दात लागतो, टोपण न लावता दप्तरात टाकतात, ते होणारच. दहा महिने धरले तर १२० रीड, म्हणजे वर्षाला १२ पेट्या. त्याऐवजी दर मुलाला वर्षाला एक प्लॅस्टिकची रीड आणि काडीची एक पेटी द्या. खर्च साधारण तेवढाच येतो. रोजचा सराव प्लॅस्टिकवर होईल, रीड नाही म्हणून एकही दिवस बुडणार नाही. आणि काडीच्या पेटीतून चांगली रीड निवडायला मूल शिकेल. कान तयार होतो तो त्या निवडण्यातच. माउथपीसही ज्याचा त्याला वेगळा द्या, एकमेकांचं उष्टं तोंडात घालायची वेळ येऊ नये.

तेव्हा ठरावात एक ओळ वाढवावी अशी विनंती करतो: जमलेल्या रकमेतला एक भाग बँकेत ठेव म्हणून ठेवावा आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी जून महिन्यात रीड घ्याव्यात. काच, पॉलिश पेपर आणि कापायचा चिमटा माझ्याकडून. लग्नाची तिथी नसेल त्या प्रत्येक शनिवारी मी येईन आणि पेटी मुलांसमोर फोडेन. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन असतं. त्या दिवशी राष्ट्रगीत रेकॉर्डवर न लावता आपल्या मुलांनी वाजवावं, असं मला वाटतं. पहिल्या वर्षी सूर थोडा चिरकेल. त्या वर्षी आपण सगळ्यांनी यावं.